ठासणीच्या बंदुकीच्या नळीला चोक करावा का? छर्रे आणि गोळी दोन्ही चालवायचे आहेत

लष्करचा_नातू (ग्वाल्हेर)

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांबतोय, पण दोन बंदुकांचा आहे म्हणून नीट लिहितो.

धाकटा भाऊ नऊ वर्षं अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात आहे. तिथे नाताळ झाला की चकमकीच्या बंदुकीने हरणाची शिकार करायचा वेगळा सीझन असतो, फक्त जुन्या पद्धतीची चकमकवाली बंदूक चालते, पुढून ठासायची. मागच्या वर्षी त्याने तशी एक घेतली, नवी बनवलेली पण जुन्या धाटणीची, २० बोअर (नळीच्या आतल्या रुंदीचं माप), आतून गुळगुळीत नळी, रायफलिंग म्हणजे आतल्या पिळाच्या खाचा नाहीत. त्याचा बेत असा की थंडीत कापडाच्या तुकड्यात गोळी घालून हरणासाठी वापरायची आणि एप्रिल-मेमध्ये त्याच नळीत छर्रे भरून टर्कीसाठी. लायसन्स, परमिट सगळं तिथल्या कायद्याने आहे. अडचण ही की छर्रे फार फाकतात. पंचवीस यार्डांवर कागद लावला तर मधोमध भोक पडल्यासारखी मोकळी जागा आणि कडेने सगळे छर्रे. तिथल्या रेंजवर कुणीतरी त्याला सांगितलं की छर्रे कमी फाकावेत म्हणून 'जग चोक' करून घे, म्हणजे नळीचं तोंड आहे तसंच राहतं आणि आतून थोडं खोदतात. त्याने मला विचारलं कारण वडिलांबरोबर बंदुकीची साफसफाई मीच करायचो, पण चोकमधलं मला काही कळत नाही.

दुसरी बंदूक आमच्या घरातली, पणजोबांची. इथल्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यात होती, आता माझ्याकडे फ्लॅटवर आहे. टोपीची भरमार आहे, म्हणजे पुढूनच ठासायची पण चकमकीऐवजी स्फोटक टोपीने पेटणारी, एक नळी, लायसन्सवर एसबीएमएल (एकनळी ठासणीची) १२ बोअर लिहिलंय, आजोबांकडून वडिलांच्या नावावर आणि आता माझ्या नावावर, रिन्यू केलेलं आहे. नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते. कुणी चालवलेली माझ्या तरी आठवणीत नाही. खंडेनवमीला पूजेत मांडतो, घोड्यावर झेंडूचं फूल, शेजारी उदबत्ती. भावाचं ऐकून मनात आलं की हिलाही चोक करून रेंजवर कागदावर एकदा चालवून बघावी. इथे कुणी करून देतं का? दोन्हीबद्दल सांगा.

टूलरूम_काका (इंदूर)

भिया, आधी घरच्या बंदुकीचं बोलतो कारण ते वाचून मला राहवलं नाही. तिला चोक वगैरे काही करू नका. का ते खाली लिहितो, पण त्याआधी एक काम आजच करा.

गज (बार ठासायची लांब काठी) घ्या. नळीचं तोंड स्वतःकडे किंवा घरात कुणाकडे येणार नाही असं धरा, घोड्याला हात लावू नका, निपलवर, म्हणजे टोपी बसते त्या पोकळ खुंटीवर, टोपी नाही याची खात्री करा. गज नळीत अलगद सोडा, ठोकायचा नाही, जिथे थांबेल तिथे थांबू द्या. नळीच्या तोंडाशी गजावर सुतळी बांधून खूण करा. मग गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून त्याच खुणेने लावून बघा की आतलं टोक कुठपर्यंत पोचत होतं. ते निपलच्या जवळपास पोचलं पाहिजे. बोट-दीड बोट कमी भरलं तर ब्रीचच्या (नळीच्या मागच्या बंद टोकाच्या) रचनेमुळे असू शकतं, काही बंदुकांना मागे अरुंद कप्पा असतो. त्याहून जास्त कमी भरलं तर आत बार भरलेला आहे असं समजा. अशा जुन्या घरातल्या बंदुका भरलेल्या निघतात हे मी दोनदा बघितलंय. रात्री जनावर येईल म्हणून भरून ठेवली, आलं नाही, उतरवायची कटकट नको म्हणून तशीच खुंटीला लावली, पिढी बदलली.

आता चोक. मी ४१ वर्षं टूलरूममध्ये होतो, बंदुका हे काम नव्हतं, पण बोअरिंग आणि होनिंग हाताखालून भरपूर गेलं, आणि मामांकडे बंदुका होत्या म्हणून ओढ लागली. साधा चोक म्हणजे नळीचं तोंड शेवटच्या काही इंचांत थोडं आवळलेलं असतं. १२ बोअरची नळी आतून साधारण १८.५ मिलिमीटर, फुल चोक असेल तर तोंडाशी जवळपास एक मिलिमीटर कमी. बस, एवढाच खेळ. छर्ऱ्यांचा गठ्ठा बाहेर पडताना आवळला जातो आणि उशिरा फाकतो. जुनं माप असं की ४० यार्डांवर ३० इंचाचं वर्तुळ काढायचं आणि त्यात किती टक्के छर्रे पडले ते मोजायचं. सरळ नळीत ४० च्या आसपास, हाफ चोकला ६०, फुलला ७०.

मागून काडतूस घालायच्या बंदुकीत हे सोपं आहे कारण काडतूस मागून जातं. ठासणीच्या बंदुकीत सगळं तोंडातून आत जायचं असतं. दारूवरचा डाट (दारू आणि छर्रे यांच्यामधली चकती) नळीच्या मापाचा घट्ट हवा, नाहीतर गॅस बाजूने निसटून छर्ऱ्यांत घुसतो. तोंड आवळलं तर डाट चेपून आत जाईल आणि आत गेल्यावर सैल बसेल. आणि गोळीचं काय? जी गोळी तोंडातून जाईल ती आत खुळखुळणार. म्हणून ही जग चोकची युक्ती निघाली: तोंडाचं माप आहे तेच ठेवायचं, तोंडाच्या साधारण इंचभर मागे काही इंच लांबीत नळी आतून केसभर मोठी करायची, दोन्हीकडे उतार देऊन. छर्रे त्या पोटात थोडे पसरतात आणि पुन्हा मूळ मापात येताना आवळले जातात. माठाचं पोट आणि माठाचा गळा, तसंच. डाट आणि गोळी तोंडातून नेहमीसारखे जातात.

ऐकायला छान आहे, काम नाजूक आहे. ते पोट नळीच्या मध्याशी एकदम एकसारखं हवं. एका बाजूला जास्त गेलं तर छर्रे कायमचे एका बाजूला जाणार. आणि काढलेलं लोखंड परत लावता येत नाही. भावाच्या नळीवर हे करायचं असेल तर हेच काम नेहमी करणारा तिथला गनस्मिथ पाहिजे, त्याने आधी भिंतीची जाडी चारी बाजूंनी मोजली पाहिजे. अशा बंदुकीत पुढच्या टोकाला नळी मुद्दाम पातळ ठेवलेली असते, नाहीतर तोंड जड होऊन नेम धरताना हात खाली येतो.

आता मामांची गोष्ट. त्यांची दुनाळी ठासणीची होती. खूप वर्षांपूर्वी एका शहरातल्या वर्कशॉपमध्ये, नाव घेत नाही, त्या माणसाने चोक करून देतो म्हणून डावी नळी तोंडाशी बाहेरून ठोकून ठोकून आवळली. आणल्यावर मामांनी छर्रे उडवले, खुश. पुढे कधीतरी त्याच नळीत गोळी घातली. ती जोर लावून तोंडातून गेली पण वाकडीतिकडी होऊन दारूच्या वीतभर आधी अडकली, आणि गज तिथेच थांबला तर त्यांना वाटलं बसली. बार काढला. नळी फुटली नाही हे नशीब. नंतर मी ती नळी खिडकीकडे धरून आत बघितलं तर चकचकीत पोलादात एक काळं कडं दिसत होतं, आणि बाहेरून बोट फिरवलं तर बांगडी घातल्यासारखा उंचवटा लागायचा. दारू आणि गोळी यांच्यामध्ये मोकळी जागा राहिली की हे होतं. गोळी दारूला टेकलीच पाहिजे. भावाला सांगा, गजावर दोन खुणा करून ठेव, एक रिकाम्या नळीची आणि एक बरोबर भरलेल्या बाराची, दरवेळी बघायची.

बडोदेकर_शस्त्रप्रेमी (वडोदरा)

काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी थोडी जुनी माहिती जोडतो कारण ती इथे कामाची आहे.

चोक ही ठासणीच्या जमान्यातली गोष्टच नाही. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या पेप यांनी १८६६ मध्ये पेटंट घेतलं, अमेरिकेत रोपर यांचं १८६८ चं, आणि बर्मिंगहॅमच्या ग्रीनर यांनी १८७४ पासून तो खऱ्या अर्थाने चालवला, १८७५ मध्ये लंडनला मोठ्या चाचण्या झाल्या तेव्हा लोकांचा विश्वास बसला. तोपर्यंत मागून काडतूस घालायच्या बंदुका रुळल्या होत्या. म्हणजे तुमच्या पणजोबांची टोपीची बंदूक ज्या पद्धतीची आहे ती पद्धत सरळ नळीचीच. त्याआधी छर्रे दूर जावेत म्हणून लोक काय करायचे तर नळी लांब ठेवायचे, दारू मापात ठेवायचे, इंग्लंडात तर तारेच्या बारीक जाळीच्या पिशवीत छर्रे भरून ती पिशवी ठासायचे. नळीला हात लावत नसत.

आणखी एक. तुम्ही लाटांसारखी नक्षी म्हणालात. ती दमास्कस पद्धतीची नळी असणार, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, दांड्याभोवती साडीच्या निऱ्यांसारख्या एकाला एक लावून गुंडाळलेल्या आणि तापवून ठोकून जोडलेल्या. दिसायला फार सुंदर, पण त्या सांध्यांत कधी कधी राख किंवा भट्टीचा मळ अडकलेला राहतो, शंभर वर्षांत तिथून आतल्या आत गंज चालतो, बाहेर काही दिसत नाही. अशा नळीतून आतून लोखंड खरवडायचं म्हणजे नेमका तो सांधा उघडा पाडायचा. माझं स्पष्ट मत आहे की तुमची बंदूक कागदावर सुद्धा चालवू नये. तिची किंमत ती जशी आहे तशी असण्यात आहे. आमच्या लक्ष्मी विलासमध्ये शस्त्रागार आहे, तिथल्या तलवारी आणि शस्त्रं बघताना मला दरवेळी जाणवतं की बनवणाऱ्याच्या हातचं काम तसंच राहिलंय म्हणूनच आपण तिथे थांबतो. इंदूरला बीएसएफच्या शाळेत शस्त्रांचं म्युझियम आहे, ग्वाल्हेरला जयविलासमध्येही बघायला आहे, एकदा मुलांना घेऊन जा आणि तुमच्या बंदुकीसारखी कुठली दिसते ते शोधा.

कायद्याचंही लिहितो, कारण इथे कुणी हे वाचून मिस्त्रीकडे जाईल. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदूक बनवणं, बदलणं, दुरुस्त करणं, तपासणं या सगळ्याला वेगळं लायसन्स लागतं. तुमच्याकडे बंदूक बाळगायचं लायसन्स आहे म्हणजे लेथवाल्याकडे नेऊन नळी खोदून घ्यायची परवानगी आहे असं नाही, त्या लेथवाल्यावर आणि तुमच्यावर दोघांवर येईल. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे शिकार बंद आहे, तेव्हा छर्रे जवळ पडोत की लांब, तो प्रश्न तुमच्या भावाच्या देशातलाच आहे. माझं मूळ गाव कोकणात, तिथे अजून शेती राखायला ठासणीच्या बंदुका लायसन्सवर आहेत, पण त्यातही माकडं-डुकरं पळवायला आवाजच काढतात बहुतेक जण.

लष्करचा_नातू (ग्वाल्हेर)

काका, हात थरथरतोय लिहिताना.

तुम्ही सांगितलं तसं केलं. गॅलरीत नाही, आतल्या खोलीत, नळीचं तोंड बाहेरच्या जाड भिंतीकडे करून. गज सोडला, टक् असा आवाज यायला पाहिजे होता लोखंडाचा, तो आलाच नाही, कापसावर पडल्यासारखा मऊ थांबला. सुतळी बांधली, बाहेर लावून बघितला. पाच बोटं कमी. बायकोला दाखवलं, तिने स्वतः पुन्हा मोजलं, पाचच बोटं.

म्हणजे इतकी वर्षं भरलेली बंदूक पूजेत मांडून आम्ही शेजारी उदबत्ती लावत होतो. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना तिच्या घोड्याशी खेळलाय, माझ्या समोर, मी हसत फोटो काढलाय. दर निवडणुकीला ती ठाण्यात जमा केली, परत आणली, कुणी कधी बघितलं नाही, मीही नाही. वडील तर दर दसऱ्याला तेलाचा बोळा बाहेरून फिरवायचे.

आता काय करू? कपाटाच्या वर ठेवलीये, खोलीला कुलूप लावलंय. यूट्यूबवर एक जण गरम पाणी घालून पेचाने काढताना दाखवतोय, तसं करू का?

महूचा_आर्मरर (महू, निवृत्त)

घरी काही करायचं नाही. यूट्यूब बंद करा.

मी फौजेत आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा होतो, २४ वर्षं. नीट ऐका. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही तशीच पेटते, ती दुधासारखी नासत नाही. लोकांना वाटतं जुनी झाली म्हणजे मेली. कोरड्या बारात लोखंडी पेच फिरवायचा नाही, तापवायचं नाही, ड्रिल लावायचं नाही, दिवा-उदबत्ती-सिगरेट त्या खोलीत नाही, घोडा वर-खाली करून बघायचा नाही. टोपी नाही म्हणून सुरक्षित, हेही डोक्यातून काढा, निपलमधून गेलेली एक ठिणगी पुरते.

उद्या सकाळी लायसन्स घेऊन ठाण्यात जा, बंदूक न नेता. सांगा की वडिलोपार्जित बंदूक भरलेली निघाली आहे, उतरवून घ्यायची आहे. त्यांच्याकडून लेखी घ्या की तुम्ही ती रिपेअरिंगचं लायसन्स असलेल्या आर्म्स डीलरकडे नेताय. मग डीलरला आधी फोन करून सांगा की भरलेली आहे, पोचल्यावर काउंटरवर नाही. नेताना नळीचं तोंड गाडीत कुणाकडे नको, घोडा बसलेल्या जागीच राहू द्या, बोट चापाजवळ नको. तो माणूस आधी निपलकडून आणि तोंडातून पाणी सोडून दारू भिजवेल, बराच वेळ ठेवेल, आणि मग पेचाने एकेक थर काढेल. घाई करणारा भेटला तर बंदूक उचला आणि दुसरीकडे जा.

आणि घरात स्वतःला बोल लावत बसू नका, मुलाला आज समोर बसवून सांगा की बंदूक नेहमी भरलेलीच समजायची. त्याला हे गज आणि सुतळीचं दाखवा, त्याच्या लक्षात राहील.

टूलरूम_काका (इंदूर)

बरं झालं मोजलंत. महूच्या साहेबांनी सांगितलं तेच करा, एक अक्षर इकडचं तिकडे नको.

तोवर भावासाठी लिहून ठेवतो. मधोमध भोक आणि कडेने छर्रे ही चोकची कमतरता नाहीच बहुतेक वेळा. ते दोन कारणांनी होतं. एक, दारू जास्त. माणसाला वाटतं जास्त दारू म्हणजे जास्त जोर, पण गुळगुळीत नळीत जास्त दारू छर्ऱ्यांना मागून ढोसते आणि ते फुलासारखे उमलतात. जुन्या लोकांचा हिशोब सोपा होता, एकाच मापाने दारू आणि त्याच मापाने छर्रे, आकारमानाने सारखे, आणि लांब मारायचं असेल तर दारू किंचित कमी. अर्थात बंदूक बनवणाऱ्याने जी कमाल मर्यादा लिहून दिली आहे तिच्या खालीच, आणि फक्त काळी दारू, काडतुसातली धूरविरहित पावडर चुकूनही नाही, ती घातली तर नळी हातात फुटते.

दुसरं कारण डाट. दारूवर एक कडक पुठ्ठा, त्यावर जाड मऊ डाट, मग छर्रे, मग वर एक पातळ कार्ड. वरचं कार्ड जाड असेल तर ते बाहेर पडल्या पडल्या हवेला अडतं आणि छर्रे त्याला धडकून बाजूला होतात. आणि खालचा मऊ डाट फार जड असेल तर तो बाहेर पडल्यावरही वेगात असतो, छर्ऱ्यांच्या पाठीत शिरतो आणि मधला भाग मोकळा करतो. तेच त्याचं भोक. मऊ डाट निम्म्या जाडीचा करून बघायला सांगा, वरचं कार्ड अगदी पातळ. दरवेळी एकच गोष्ट बदलायची, कागदावर तारीख आणि माप लिहायचं, प्रत्येक मापाचे निदान तीन कागद. एका कागदावरून काही कळत नाही.

हे सगळं करून झाल्यावरही पुरेना तर मग चोक. पण त्याला हे विचारा की त्याला जास्त प्रिय काय आहे, गोळी की छर्रे. कापडात गुंडाळलेली गोळी नळीला घट्ट धरून येते, आणि जग चोक असेल तर शेवटच्या काही इंचांत ती पकड सुटते, मग तोंडाशी परत येते. कुणाची गोळी तरी सरळ जाते, कुणाची नाही, नळीगणिक वेगळं आहे. ज्या नळीची गोळी आज चांगली जातेय तिला मी स्वतः हात लावणार नाही. शिवाय त्या पोटात काजळी साठते, तेवढी साफसफाई वाढते.

बडोदेकर_शस्त्रप्रेमी (वडोदरा)

नातूसाहेब, काय झालं ते नक्की कळवा. आणि डीलरकडे गेलात तर नळीचं आतलं माप घ्यायला सांगा. लायसन्सवर १२ लिहिलेलं असतं आणि नळी निघते भलतीच. बोअर म्हणजे त्या मापाच्या शिशाच्या किती गोळ्या एका रत्तलात बसतात तो आकडा. १२ बोअरच्या बारा, २० बोअरच्या वीस, म्हणून आकडा वाढला की नळी बारीक.

लष्करचा_नातू (ग्वाल्हेर)

बारा दिवसांनी लिहितोय, माफ करा.

ठाण्यातल्या माणसाला आधी समजेचना की मी तक्रार करतोय की काय. मग एक वयस्क हवालदार होते त्यांनी ऐकून घेतलं आणि दोन ओळींचं पत्र दिलं. डीलरकडचा कारागीर सत्तरीचा असेल. त्याने काही न बोलता दारं-खिडक्या उघडल्या, पंखा बंद केला, नळी दस्त्यापासून वेगळी केली, उभी धरून पाणी सोडलं आणि म्हणाला परसों आना.

परवा गेलो तेव्हा माझ्यासमोर काढलं. लांब गजाच्या टोकाला डुकराच्या शेपटीसारखा पेच. पहिला बोळा निघाला तो काथ्याचा, नारळाच्या शेंडीचा, वरून काळा आणि आतून अजून तांबूस. मग छर्रे, एकमेकांना चिकटून ढेकूळ झालेले, वर पांढरी बुरशी आल्यासारखी पूड. एकसारखे नव्हते, काही लांबट, काही चपटे, घरी ओतलेले असणार. मी मोजले, ६३. मग दुसरा बोळा, चिंधीचा, निळी किनार अजून दिसत होती, बायको म्हणाली हे धोतराचं काठ आहे. आणि शेवटी बादलीत काळंशार पाणी. कारागीर म्हणाला वरची दारू ढेप झाली होती पण तळाची दाणेदारच होती.

माप घेतलं. १६.९ मिलिमीटर. म्हणजे १६ बोअरच्या जवळ. लायसन्सवर दुरुस्ती करून घ्यायला अर्ज दिलाय. नळीत आत ब्रीचपासून वीतभर खोल खड्डे आहेत गंजाचे, त्याने दिवा सोडून दाखवले. चोकचा विषय मी काढलाच नाही. निपल काढून, आतून तेल देऊन बंदूक घरी आणली आहे. छर्रे आणि ती किनार काचेच्या बाटलीत ठेवलीये, मुलाने बाटलीवर चिठ्ठी लावली. त्याला गज आणि सुतळी शिकवली, त्याने आजीला शिकवली.

भावाचं: काकांचं सगळं त्याला फोनवर वाचून दाखवलं. त्याने दोन शनिवार घातले. पंचवीस यार्ड, ३० इंचाचं वर्तुळ, एक औंस ६ नंबरचे छर्रे म्हणजे साधारण २२५. पहिल्यासारखं भरलं तर वर्तुळात ११८. दारू कमी करून छर्ऱ्यांच्या मापाबरोबर आणली तर १३९. मग मऊ डाट निम्मा केला आणि वरचं कार्ड पातळ, तीन कागदांची सरासरी १७१, आणि मधलं भोक गेलं. गोळी त्याने बघितली, पन्नास यार्डांवर पाच गोळ्या तळहाताखाली झाकल्या जातात. आता म्हणतो नळीला हात लावत नाही, टर्की पंचवीस यार्डांच्या आत आली तरच बार काढायचा, नाहीतर जाऊ द्यायची.

फक्त त्याचं एक विचारणं आहे. विकतची पातळ कार्डं संपली, ती मागवली की तीन आठवडे लागतात. घरी कापायची तर कशाची कापू?

टूलरूम_काका (इंदूर)

१७१ छान आहे, सरळ नळीला खूप छान.

कार्डासाठी लग्नपत्रिका. चकचकीत प्लास्टिक चढवलेली नको, साधी जाड कागदाची. नळीच्या मापाचा चामडं कापायचा पंच घ्यायचा, २० बोअरला १६ मिलिमीटरचा मिळाला तर बरोबर, थोडं मोठं असलं तर चांगलंच, दाबून बसतं. खाली लाकडाचा आडवा कापलेला ओंडका ठेवून एकाच हातोडीच्या ठोक्यात कापा, दोन ठोक्यांत कड फाटते. मधे दाभणाने एक बारीक भोक पाडा, ठासताना खालची हवा त्यातून निघून जाते, नाहीतर गज काढला की कार्ड हवेने वर सरकतं आणि छर्रे सैल होतात. भरून झालं की चालताना मधूनमधून गजाने दाबून बघायचं, खूण जागेवर आहे ना.

महूचा_आर्मरर (महू, निवृत्त)

निपल परत बसवताना आट्यांना थोडं ग्रीस लावा, आणि हाताने फिरेल तेवढंच आधी फिरवा. तिरकं चढलं तर जुने आटे जातात.